पिंजऱ्यातलं अंथरूण

“याच्या पिंजऱ्यात अंथरता काय?” ढब्बूच्या छातीवरची तपासायची नळी काढत जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

रिकामा पिंजरा कवटाळून उभ्या असलेल्या सुतारकाकांनी सुनेकडे पाहिलं.

ढब्बू हा काकांच्या सुनेचा चिंचिला. सशाचे कान, खारीची शेपटी आणि अंगावर इतकी दाट लव की बोट ठेवलं तर बुडावं. सात वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली ती याला घेऊनच. मुलगा बोटीवर नोकरीला, त्यामुळे वर्षातले आठ महिने घरात सून, सासरा आणि ढब्बू एवढेच. सुनेचं आणि सासऱ्याचं चांगलं जमायचं, म्हणजे दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत.

गेल्या आठवड्यात ती टेबलावर पिंजऱ्यात अंथरायच्या पुड्या मांडून स्वतःशीच पुटपुटत होती, “कागदाचा चुरा तर हा खातच सुटतो. लाकडाचा भुसा आणावा का?”

लाकूड म्हटल्यावर काकांनी कान टवकारले. या घरात त्यांच्या विषयावर पहिल्यांदाच काही निघालं होतं! दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांनी देवदाराच्या दोन चांगल्या फळ्या निव्वळ भुशासाठी रंधा मारून संपवल्या. चाळीस वर्षं भुसा झाडून टाकणाऱ्या माणसाने भुशासाठी फळ्या वाया घालवल्या, हे त्यांच्या धंद्यातल्या कोणाला पटलं नसतं. घमघमणारं पोतं सुनेपुढे ठेवून ते म्हणाले होते, “अंथर बिनधास्त. याला कधी कीड लागत नाही.”

पाचव्या दिवशी ढब्बू शिंकायला लागला आणि सहाव्या दिवशी त्याने खाणं सोडलं.

“देवदाराचा भुसा,” सून म्हणाली.

“अहो, देवदारातल्या ज्या तेलाच्या वासाने कीड पळते, तेच तेल याच्या छातीत जातंय! हे कोणाच्या डोक्यातून निघालं?”

काकांनी तोंड उघडलं. पण सून त्यांच्या आधी बोलली.

“माझ्याच. मला माहीत नव्हतं.”

मग डॉक्टरीणबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. जीव पाळायचा तर आधी माहिती घ्यावी, एवढं कळत नाही का, वगैरे. ती खाली मान घालून ऐकत राहिली. पलंग कुरकुरला तर सुताराची चूक, गवंड्याने भिंत तिरकी बांधली आणि कपाट बसेना तरी सुताराचीच चूक. जन्मभर काकांनी दुसऱ्यांच्या वाटणीची बोलणी खाल्ली होती. त्यांच्या वाटणीची कोणी खाताना ते आज पहिल्यांदा बघत होते.

घरी परतताना त्यांना राहवलं नाही. “माझं नाव का नाही सांगितलंस?”

“तुम्ही हौसेने आणलंत, बाबा. चौकशी करायचं काम माझं होतं.”

“वाचेल ना गं?”

“आठवडाभर बघू म्हणाल्यात.” एवढं बोलून तिने तोंड फिरवलं.

काकांनी पिंजरा गरम पाण्याने तीन वेळा घासला. डॉक्टरीणबाईंनी फ्लीस अंथरायला सांगितलं होतं. पांघरुणांचं ते मऊ कापड कापलं तरी धागे सोडत नाही, म्हणून कुरतडलं तरी धोका कमी. टॉवेल नको, त्यात नखं अडकतात. सुनेने फ्लीस आणलं. काकांनी पोलादी टेप काढून पिंजऱ्याच्या तळाचं माप घेतलं, चारही कोपरे दोनदा तपासले आणि कापडावर पेन्सिलीने रेघ मारली.

“बाबा, चौकट नाही बनवायची आपल्याला,” सून म्हणाली. त्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसली होती.

“कोपरा सैल राहिला तर तो तिथूनच ओढणार. शिवण आतल्या बाजूला घे.”

तिने शिवलं, काकांनी बसवलं. कुठे सुरकुती म्हणून राहिली नाही.

चार दिवस ढब्बू कोपऱ्यात अंग फुगवून बसून होता. सून पिचकारीने त्याला थेंब थेंब भरवायची. काका खोलीच्या दारापाशीच थांबत. कपड्यांना, हातांना लाकडाचा वास येतो, कशाला उगाच आत जा? वर्कशॉपला त्यांनी कुलूपच घातलं होतं. दारातूनच विचारायचे, “काही खाल्लं का?”

पाचव्या दिवशी ढब्बूच्या दातांखाली गवताची एक काडी कुरकुरली. काका तिथेच उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी मनातल्या मनात आठवेल त्याचे आभार मानले. डॉक्टरीणबाईंचे मानले, औषधाचे मानले, कापड विणणाऱ्या कुठल्यातरी कारखान्याचेसुद्धा मानले.

रविवारी सकाळी सुनेने हाक मारली, “बाबा, आत या ना.”

काका आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. तिने पिंजऱ्याचं दार उघडलं. “हात आत घाला.”

भेगाळलेला तो तळहात काकांनी फ्लीसवर उताणा ठेवला. ढब्बू लांबूनच मिशा हलवत राहिला. मग दोन पावलं पुढे आला, बोटं हुंगली, अंगठ्याला दात लावून पाहिला आणि सरळ तळहातावर चढून बसला. असून असून वजन ते किती! पण काकांचे डोळे भरून आले.

“त्या दिवशी तू मला सांभाळून घेतलंस,” ते म्हणाले, “फार बरं वाटलं गं मला.”

“हात हलवू नका, बाबा,” सून हळूच म्हणाली. “डोळे मिटतोय तो.”

काकांच्या खांद्याला रग लागली, पण त्यांनी हात हलवला नाही.