शिलाईत सोडलेलं कापड

मास्तरांचे वडील शिलाई मशीनवर बसल्याबसल्या गेले, एक्कावन्नाव्या वर्षी, एका कोटाची बाही अर्धी जोडून. उरलेली बाही मास्तरांनी पुरी केली, कारण गिऱ्हाईकाला कोट वेळेवर हवा होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला ते धावायला बाहेर पडले. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. आता सदुसष्ट. मधल्या त्रेचाळीस वर्षांत रोजचे पाच किलोमीटर एकदाही चुकले नव्हते. मुलीच्या लग्नाच्या सकाळी पाहुणे जरा लवकर आले, तर वधूपिता अर्ध्या चड्डीत दारात सापडले.

मास्तर एकटेच धावले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्यांना सगळ्यांना धाववायचं होतं. माप देताना माणूस हात वर करून उभा असतो, कमरेला टेपचा वेढा असतो, त्याला पळून जाता येत नाही. नेमकं त्याच वेळी मास्तर बोलायला सुरुवात करत. कंबर मी सैल करून देईन, हृदयाला ठिगळ कोण लावणार, हा त्यांचा ठरलेला सवाल. बरीच गिऱ्हाइकं त्याचं उत्तर न देता समोरच्या तयार कपड्यांच्या दुकानात जाऊ लागली.

कायमचा सापडला तो फक्त टपाल. हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. तीस वर्षं पोस्टमन म्हणून पायी हिंडला आणि निवृत्त झाल्यावर जो खुर्चीत बसला, तो कंबर चाळीस इंच होईपर्यंत उठलाच नाही. मास्तरांनी त्याला ओढून काढला. दोन वर्षं तो मास्तरांच्या मागून धापा टाकत आला आणि जेमतेम एक इंच उतरला. तू धावत नाहीस रे, पत्ता शोधत फिरतोस, असं मास्तर त्याला रोज ऐकवत.

तिसऱ्या वर्षी मात्र कंबर अडतीस झाली. मग छत्तीस. मग तीनेक महिन्यांत चौतीस.

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी टपालच्या चार पॅन्टी कमरेला आत घेतल्या. पाचवी, जुनी तपकिरी, तशीच दुकानाच्या काचेत टांगली आणि खाली पुठ्ठा लावला: ‘या पॅन्टचा मालक आता चौतीसमध्ये मावतो. रोज फक्त पाच किलोमीटर.’

आता पॅन्ट आत घेताना कुठलाही शिंपी दोन इंच कापड शिलाईच्या आत सोडतो. माणूस परत फुगतो, हे त्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मास्तरांना वडिलांनी शिकवलं होतं. टपालच्या चारही पॅन्टींचं ते कापड मास्तरांनी कात्रीनं उडवून टाकलं. परत जायचा रस्ताच बंद केला तुझा, म्हणाले. टपाल हसला. हल्ली तो बसून हसायचा.

त्याच दिवशी त्यांनी नव्या शर्टासाठी त्याच्या गळ्याचं माप घेतलं. टपालचा गळा जन्मभर सोळा. टेप साडेचौदा म्हणाला. मास्तरांनी पुन्हा लावला. टेप आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. धावल्यानं पोट जातं, गळा असा जात नाही, हे चाळीस वर्षं गळे मोजणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. त्यांनी मापवहीत साडेचौदा लिहिलं आणि वही मिटली.

चार दिवसांनी टपालची बायको, मास्तरांच्या वहिनी, दुकानात आल्या, एक बटण लावून घ्यायच्या निमित्तानं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, हे अर्धं ताट तसंच ठेवतात, झोपेत घामानं भिजतात. डॉक्टरला दाखवू का?

“वहिनी, धावणाऱ्या माणसाला डॉक्टर कशाला?” मास्तर म्हणाले. “शरीर हलकं होतंय, होऊ द्या.”

“बरं, भावजी,” वहिनी म्हणाल्या आणि गेल्या. बटण दुकानातच राहिलं.

तीन महिन्यांनी तिसऱ्या किलोमीटरला टपाल रस्त्याच्या कडेला खाली बसला. ऊठ आळशा, असं मास्तर मागे न बघताच म्हणाले. मग वळून पाहिलं आणि धावतच परत आले.

डॉक्टरांनी वजन कधीपासून उतरतंय ते विचारलं. वहिनींनी एकदाच मास्तरांकडे पाहिलं आणि पाचसहा महिने झाले असतील, असं सांगितलं. तेव्हाच आला असतात तर काही करता आलं असतं, डॉक्टर म्हणाले. आता त्रास कमी करू, एवढंच. बाहेर बाकावर मास्तरांना गरगरलं. नर्सनं नाडी धरली, रक्तदाब पाहिला आणि कौतुकानं म्हणाली, “काका, तरण्या मुलासारखी तब्येत आहे. नव्वदी कुठे गेली नाही तुमची.”

नव्वदीला अजून तेवीस वर्षं होती. मास्तर हिशोब करत बसून राहिले.

त्यानंतर ते रोज दुपारी टपालकडे जात. एक वाक्य सोबत न्यायचे आणि तसंच परत आणायचे. वहिनी चहा देत आणि त्या बटणाबद्दल अवाक्षर काढत नसत. शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. टपालला काही माहीत नसणार, आणि हा ते न ऐकताच जाईल, या धास्तीनं मास्तरांना पहाटे जाग येई. मग ते धावून येत. दुसरं काही येतच नव्हतं.

एके सकाळी वहिनींचा फोन आला. पोटात पाणी भरलंय, दवाखान्यात न्यायचंय, आणि एकही पॅन्ट बसत नाही. हे म्हणतात, तीस वर्षं गणवेशात दारोदार गेलो, लेंग्यावर जाणार नाही. जरा सैल करून देता का?

मास्तर पॅन्टी घेऊन आले आणि उसवायला बसले. आत जेमतेम अर्धं बोट कापड होतं. चारही उसवल्या, जणू एखादीत तरी आपण विसरलो असू. मग उठून त्यांनी काचेतला पुठ्ठा काढला, तपकिरी पॅन्ट उतरवली आणि इस्त्री केली. उन्हानं तिचा एक पाय फिका पडला होता.

ती घेऊन ते टपालच्या घरी पोचले, तेव्हा वहिनी खाली गाडी बघायला गेल्या. मास्तरांनी टपालला पॅन्ट चढवली. हूक न ओढता लागला.

“बरोबर चाळीस,” टपाल म्हणाला. “तीन वर्षं फुकट पळवलंस मला.”

मास्तर गुडघ्यावर बसून पॅन्टची मोहरी सारखी करत होते. वर न बघता ते म्हणाले, “वहिनी माझ्याकडे आल्या होत्या. डॉक्टरकडे नेऊ का विचारायला. मी नको म्हणालो. तुझा गळा मोजला होता मी, तरी नको म्हणालो.”

टपालनं कमरेचा हूक चाचपला.

“मीच पाठवलं होतं तिला,” तो म्हणाला. “ती डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागली होती. म्हटलं, आधी मास्तरला विचार. दुसरा कुणीही जा म्हणाला असता. नको म्हणणारा तू एकटाच होतास गावात.”

मास्तर सारखी झालेली मोहरी पुन्हा सारखी करू लागले.

“आलेलं पाकीट उघडायचं नाही, नोकरीची सवय,” टपाल म्हणाला. “ऊठ आता. गाडी आली असेल.”

दोन मजले होते. एका बाजूनं मास्तरांनी धरलं, दुसऱ्या बाजूनं वर आलेल्या वहिनींनी. चार पायऱ्या, थांबायचं. चार पायऱ्या, थांबायचं. दुसऱ्या वळणावर वहिनींना धाप लागली, त्या कठड्याला टेकल्या. तेव्हा टपालचं सगळं ओझं एकट्या मास्तरांनी खाली गाडीपर्यंत नेलं. त्यांना साधी धापही लागली नाही.