मी चावलो नव्हतो

मी मेंढ्या राखणारा कुत्रा बोलतोय. माझं पहिलं वर्ष मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गेलं, आणि तिथे मेंढी एकही नव्हती.

मला विकणारा म्हणाला होता, "हुशारीत या जातीचा पहिला नंबर!" बाबा खूश झाले. त्यांची थोरली मुलगी वर्गात पहिली यायची आणि घरात पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायची. हुशार म्हणजे गप्प बसणारा, अशी त्यांची समजूत.

मला गप्प बसवेना. आई स्वयंपाकघरात, बाबा गॅलरीत, ताई कोपऱ्यात, छोटू पलंगाखाली. कळप असा पांगलेला पाहून माझा जीव खालीवर व्हायचा. मी एकेकाला ढुशा देत बाहेरच्या खोलीत आणायचो. "अरे, भाजी तरी चिरू दे मला!" आई वैतागायची. चौथा येईपर्यंत पहिला उठून गेलेला असायचा.

एकदा छोटू पळत सुटला. मेंढीला वळवतात तसे मी त्याच्या टाचेला हलकेच दात लावले. तो धडपडला. हनुवटीला दोन टाके पडले.

"चावरा कुत्रा घरात नको. कुठेतरी सोडून येतो," बाबा म्हणाले. आई म्हणाली, "आधी जनावरांच्या डॉक्टरांना विचारा तरी."

दवाखान्यात ताई पहिल्यांदाच मोठ्यांच्या मध्ये बोलली. "तो चावला नाही. मी टाच पाहिली. साधा ओरखडाही नाही."

डॉक्टर हसले. "बरोबर. तो तुम्हाला राखतोय."

"आम्ही काय मेंढरं आहोत?" बाबा म्हणाले.

"नाही ना! म्हणून तर पंचाईत. तुम्हाला हवा होता जेवून पायाशी झोपणारा. चूक कुत्र्याची नाही, निवडीची आहे."

डॉक्टरांच्याच ओळखीने मी एका मेंढपाळाकडे आलो. आता साठ मेंढ्या आणि मोठं माळरान. रात्री मी मेल्यासारखा झोपतो.

पिल्लू आणायला जाल तेव्हा त्याचे डोळे, रंग नंतर पाहा. त्याची आई दिवसभर काय करते ते आधी विचारा. आणि आपण दिवसभर काय करतो, तेही एकदा खरं खरं सांगा.

परवा ताई भेटायला आली. मी तिच्या अंगावर झेपावलो, तिचं तोंड चाटलं. तिने गळ्याला घट्ट मिठी मारली. इतक्यात एक कोकरू ओढ्याकडे निघालं. मी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

तिने हात सोडले. "जा," म्हणाली.

मी गेलो.