बाबगोंडा पाटील, अकोळ

“ह्यो आमच्या अप्पूचा आवाज हाय,” त्रिशलाक्का म्हणाल्या आणि कानांवरचा हेडफोन दोन्ही हातांनी उचलून त्यांनी टेबलावर ठेवला. “त्येंचा लावा की, मास्तर.”

मी मास्तर नव्हे. निपाणीच्या एका वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपालाच्या हाताखाली काम केलं आणि निवृत्तीनंतरही दुसरीकडे जायला जागा नाही म्हणून तिथंच येऊन बसतो. खेड्यांतली माणसं चष्मा बघून मास्तर म्हणतात. ते दुरुस्त करायचा धीर मला कधी झाला नाही.

मी स्क्रीनवरचं नाव पुन्हा वाचलं. बाबगोंडा पाटील, अकोळ. फाईल बरोबर होती. या वेळी स्पीकरवर लावली. “आमी आता ऊस आन् सोयाबीन करतोय. तंबाखू सोडून धा वर्सं झाली...” आवाज तरुण होता. ज्याचा होता तो अप्पू आजीच्या खुर्चीमागे उभा होता. तिशीचा, दोन लेकरांचा बाप, पण स्वतःचा आवाज ऐकून त्याने मान खाली घातली.

“सर, हे तुम्ही पहिल्यांदा आलता तवाचं,” तो म्हणाला. “मशीन चालतंय का बघाय माझं घेतलता. आज्जाचं मार्चातलं. दार लावून बोललेलं.”

“हो. दुसरीकडे असेल,” मी म्हणालो.

दुसरीकडे काही नव्हतं. हे मला त्या क्षणी कळलं होतं, तरी मी अर्धा तास एकेक फोल्डर उघडून बघत राहिलो. त्या दोघांना वाटलं असेल, मास्तर कामाचा माणूस आहे.

तंबाखू पिकवलेल्या जुन्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, ही कल्पना माझीच. आयुष्यात सुचलेली बहुधा एकमेव. वाचनालयाला बेळगावच्या एका कॉलेजने जुना संगणक दिला होता. त्याच्यावर चित्रांच्या खिडक्या इतक्या सावकाश उघडत की सगळं काम काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करूनच करावं लागे. ते शिकवायला त्या कॉलेजातल्या दिपाली मॅडम बेळगावातल्या खासबागेतून तीन रविवार आल्या.

“काका, फाईल हलवताना नुसतं mv लिहू नका,” त्या म्हणाल्या होत्या. “तिथं त्याच नावाची फाईल आधी असली तर जुनी जाते आणि नवी तिच्या जागी बसते. कुणी सांगत पण नाही. पुढं -i लावा. मग संगणक थांबून विचारतो, हिच्यावर घालू का म्हणून.”

“त्यानं विचारूच नये असं वाटलं तर?”

त्या हसल्या. “विचारलं तर काय होतंय, काका? बरं, मग -n लावा. जुनीला हात लागत नाही. पण मग नवी हलतच नाही, जिथल्या तिथं राहते. मागं काय राहिलं ते तेवढं बघायचं.”

वहीत मी लिहून घेतलं, ‘-n : जुनीला हात लागत नाही.’ पुढचं लिहिलं नाही. एवढंच पुरेसं वाटलं. मला कुणी समोरून प्रश्न विचारला की मी गडबडून ‘हो’ म्हणून मोकळा होतो. शाळेत असं होई, नोकरीत असं होई, बायको होती तेव्हा घरीही असंच होई. विचारणारं यंत्र आणखी कशाला? मी -n घेतलं आणि दीड वर्ष निर्धास्त राहिलो.

जानेवारीत अकोळला गेलो तेव्हा बाबगोंडाअण्णांना खोकला होता, म्हणून अप्पूची चार मिनिटं घेऊन परतलो. मार्चात पुन्हा गेलो. दोन्ही वेळा संमतीचा कागद भरून घेतला आणि दोन्ही कागदांवर नाव बाबगोंडा पाटीलच होतं. थोरल्या नातवाला आजोबाचं नाव ठेवायची त्यांच्यात रीत आहे. पण त्रिशलाक्का नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तेव्हा नातवालाही त्या नावाने हाक मारत नाहीत. म्हणून तो घरात अप्पू, गावात अप्पू आणि माझ्याही डोक्यात अप्पू. कागद मात्र मी निमूटपणे उतरवून घेतले. फाईलला नाव द्यायचं तेही त्यांवरूनच: नाव, आडनाव, गाव. वडिलांच्या नावाला नमुन्यात जागा नव्हती आणि ती करावी असं मला सुचलं नाही.

मार्चातली फाईल मी वाचनालयाच्या फोल्डरात हलवायला गेलो. तिथं त्या नावाची फाईल होतीच. संगणकाने जुनीला हात लावला नाही, मला काही विचारलं नाही आणि नवी रेकॉर्डरच्या कार्डावर तशीच ठेवली. पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. सगळं सुरळीत झालं असं समजून मी कार्ड पुसलं आणि पुढच्या गावाला गेलो. त्यानंतर त्याच कार्डावर सहा गावं झाली.

दिपाली मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“सहा वेळा त्याच्यावर लिहिलंय म्हटल्यावर काही राहिलं नसणार, काका. मी सांगितलं होतं की, मागं काय राहिलं बघा म्हणून.”

“हो. सांगितलं होतं.”

फोन ठेवून मी त्रिशलाक्कांना सांगितलं. शब्द जुळवत, दोनदा अडखळून सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पुसलं म्हणा की,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. “त्येनी मला म्हणालतं, मशिनीत सगळं सांगून ठेवलोय, माझ्या माघारी ऐक. एकावन्न वर्सं तोंडावर बोलायचं झालं न्हाई. म्हटलं असू दे, मशिनीला तरी बोललं. आज इसावा दिवस हाय त्येंचा. इसाव्याच दिवशी आले मी.”

“आज्जी, चल आता,” अप्पू म्हणाला.

“थांब रं. मास्तर, तुम्ही ऐकलासा न्हवं? कानाला लावून बसलतासा. तुम्हीच सांगा.”

मी ऐकलं होतं. तंबाखू कापून रानात पसरलेली, आभाळ भरून आलेलं आणि घरात आठ वर्षांची मुलगी तापाने फणफणलेली. बायको सकाळपासून म्हणत होती, निपाणीला दवाखान्यात नेऊ या. ते ‘उद्या’ म्हणाले आणि रानात गेले. तंबाखू वाचली. नंतर त्यांच्या घरात त्या मुलीविषयी कुणी बोललं नाही.

एवढं मी सांगितलं. “आपली चूक झाली असं ते म्हणाले,” मी पुढे म्हणालो. “त्यांना फार पश्चात्ताप होत होता, आक्का. अपराधी वाटत होतं.”

त्रिशलाक्कांनी माझ्याकडे नीट बघितलं. ओशाळायला लावेल इतक्या शांतपणे.

“असलं बोलाय येत नव्हतं त्येस्नी,” त्या म्हणाल्या. “पश्चात्ताप म्हणं. हे तुमचं बोलणं हाय, मास्तर. बुकातलं.”

खरंच होतं. ते अर्धं कानडीत, अर्धं मराठीत, मध्येमध्ये थांबत बोलले होते. मी त्यांचे शब्द आठवू गेलो तर माझेच शब्द पुढे येत होते. आयुष्यभर वाचलेलं सगळं त्या म्हाताऱ्याच्या चाळीस मिनिटांवर येऊन बसलं होतं.

“एवढंच सांगा,” त्या म्हणाल्या. “तिचं नाव घेतलं का त्येनी?”

“घेतलं,” मी लगेच म्हणालो. हे मला पक्कं आठवत होतं. एकदाच घेतलं होतं, अगदी हळू.

“काय म्हणालं?”

त्याच वेळी बाहेरून ट्रॅक्टर गेला होता. आवाज खराब होतोय का म्हणून मी रेकॉर्डरवरच्या मीटरच्या काट्याकडे बघत होतो. काटा आठवला. नाव आठवेना. मी अप्पूकडे बघितलं, तर तोही माझ्याच तोंडाकडे बघत होता. त्यालाही ते कधी कुणी सांगितलेलं नव्हतं.

एखादं नाव ठोकून द्यावं असं क्षणभर मनात आलं. चुकलं असतं तर आणखी वाईट. आणि खोटं बोलायलाही धीर लागतोच.

“घेतलं होतं, आक्का. पण मला आठवत नाही.”

“मग न्हाई घेतलं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठल्या. वाचनालयाच्या पायऱ्या उंच आहेत. अप्पूने पुढे केलेला हात न धरता भिंतीला टेकत त्या एकेक पायरी उतरल्या. खाली रस्त्यावर दोघं स्टँडच्या बाजूला वळली. तो पुढे आणि त्या दोन पावलं मागे, त्याच्याच चालीने.