हे फार्मासिस्ट सांगतील

लॉर्ना पावलिक पास झाली. तिसऱ्या आणि शेवटच्या खेपेला, विनिपेगच्या केंद्रावर त्या दिवशी बसलेल्या सगळ्यांत जास्त गुण मिळवून. तिचं नाव फार्मसी टेक्निशियनांच्या यादीत चढलं, क्रमांक मिळाला, छातीवर लावायचा बिल्लासुद्धा टपालाने आला.

आता हे विसरा. कॅनडातल्या तिच्या बर्ट्रम गावात तरी ही बातमी कोणाच्या कानावर गेलेली नाही, तेव्हा तुम्हीही काही ऐकलं नाही असं समजू आणि मागच्या हिवाळ्यापासून सुरुवात करू. तेव्हा ती दुसऱ्यांदा नापास झाली होती, आणि ते मात्र गावात शेंबड्या पोरापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

गावात औषधांचं दुकान एकच, गॉर्डन थीसन यांचं. थीसन फार्मासिस्ट, आणि शब्द गोळ्यांसारखे मोजून देणारा माणूस. लॉर्ना त्यांची मदतनीस. चौदा वर्षं काउंटरवर उभी. मदतनिसाने गोळ्या बाटलीत भराव्यात, चिठ्ठी चिकटवावी, पण शेवटची नजर तिची नाही. ती नजर फार्मासिस्टची किंवा नोंदणी झालेल्या टेक्निशियनची. आणि हल्ली थीसनांचा अर्धा दिवस लोकांच्या दंडात लसी टोचण्यातच जायचा, त्यामुळे बाटल्या मागच्या फळीवर रांग लावून त्यांच्या नजरेची वाट बघत बसायच्या.

"मागे तपासायला माणूस हवाय," थीसन म्हणाले. "तू पास झालीस तर तू. नाहीतर ब्रँडनहून कोणीतरी आणतो."

"आणि मी?"

"दोघांना द्यायला पगार नाही."

"म्हणजे पास झाले तर मागच्या खोलीत, आणि नापास झाले तर घरी?"

"हो."

"आणि काउंटर?"

"बर्निस बघेल. तिला पगार लागत नाही."

बर्निस म्हणजे त्यांची मेहुणी. तिला गप्प करायचं तर भूल द्यावी लागली असती.

लॉर्नाला दोन्हीकडून फटका होता, आणि तो तिला समजतही होता. घरी आई होती तोवर बोलायला आई होती. आई गेल्यावर रेडिओ उरला, पण तो नुसता बोलायचा, ऐकायचा नाही. दिवसभरात तिची जी काही माणसं होती, ती काउंटरच्या पलीकडे उभी राहायची. मागची खोली काचेची. तिथून माणसं दिसतात (बाहेरून बघणाऱ्याला मात्र काचेत आपलंच तोंड दिसतं), पण तपासताना बोलायचं नाही असा नियम, आणि नियम चांगला आहे, कारण बोलता बोलता हृदयाची गोळी थायरॉइडच्या बाटलीत जाऊ शकते. तरीही घरापेक्षा काच बरी. काचेतून माणसं दिसतात तरी.

टेक्निशियन होणं म्हणजे काही खायचं काम नाही. आधी मान्यता असलेल्या कॉलेजचा अभ्यासक्रम. तो तिने दोन हिवाळे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केला. मग जाणत्या माणसाच्या नजरेखाली काम करून दाखवायचं, म्हणजे थीसनांनी मागे उभं राहायचं आणि काही बोलायचं नाही. हे त्यांना उत्तम जमलं. मग कायद्याचा पेपर. मग पोलिसांचा दाखला की आजवर काही गुन्हा केलेला नाही, आणि लगेच विमा, पुढे काही केलाच तर त्यासाठी.

दाखल्यासाठी ती चौकीवर गेली तेव्हा शिपाई बराच वेळ संगणकात बघत बसला.

"लॉर्नाताई, तुमच्या नावावर काहीच नाही हो."

"काहीच नाही?"

"गाडी चुकीच्या जागी लावल्याचंसुद्धा नाही. कोणी तक्रार केली नाही, तुम्ही कोणाची केली नाही. तुम्ही इथे राहता ना नक्की?"

ती हो म्हणाली. दाखला घेऊन घरी आली आणि तिला उगाचच वाईट वाटलं.

एवढं सगळं झाल्यावर देशभराची पात्रता परीक्षा. तिचे दोन भाग. लेखी भाग तिने पहिल्याच फटक्यात काढला. घोडं अडलं ते दुसऱ्या भागात. तिथे खोल्यांची रांग असते. घंटा झाली की एका खोलीत शिरायचं, सात मिनिटांत जे असेल ते करायचं, घंटा झाली की पुढच्या खोलीत. काही खोल्यांत चुका पेरलेल्या बाटल्या असतात. त्या लॉर्ना तांदळातले खडे वेचावेत तशा वेचायची. पण काही खोल्यांत माणूस असतो. तो नट असतो, पेशंटचं सोंग घेतलेला. कोपऱ्यात परीक्षक बसतो आणि खुणा करत राहतो. तो जणू नाहीच, असं वागायचं.

चौथ्या खोलीत मिस्टर बेल होते. निदान कागदावर तरी ते मिस्टर बेल होते. सत्तरीचे, करडा स्वेटर, हातात खोकल्याच्या सिरपची बाटली. रक्तदाबाची गोळी चालू आहे, बायको गेली आहे, आणि विचारायचं असं, की "हे सिरप घेतलं तर चालेल ना?"

इथे खरी गोम आहे. टेक्निशियनने औषधाचा सल्ला द्यायचा नाही. तो फार्मासिस्टचा प्रांत. बरोबर उत्तर एकच, "हे फार्मासिस्ट सांगतील, मी त्यांना बोलावते." पाच वर्षांच्या पोपटालाही जमेल असं उत्तर.

पहिल्या खेपेला लॉर्ना म्हणाली, "अहो नका घेऊ हे! रक्तदाब वाढेल. गरम पाण्यात मध घाला. आणि घरी कोण आहे तुमच्याजवळ?" निकालात लिहून आलं, "उमेदवाराने कार्यकक्षा ओलांडली."

दुसऱ्या खेपेला पुन्हा चौथी खोली, पुन्हा तेच मिस्टर बेल, तोच स्वेटर. या वेळी ती शहाण्यासारखी म्हणाली, "हे फार्मासिस्ट सांगतील, मी त्यांना बोलावते." पण खोलीत फार्मासिस्ट कुठून असणार? तो येईल असं गृहीत धरायचं असतं. तो काही आला नाही. मग तो येईपर्यंत माणसाला ताटकळत कसं ठेवायचं, म्हणून तिने विचारलं, "मुलंबाळं?"

मिस्टर बेलना दिलेल्या कागदावर मुलंबाळं नव्हती. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मुलगी आहे. कॅलगरीला. दर रविवारी फोन करते."

"बरं आहे की."

"गेल्या रविवारी नाही केला."

"कामात असेल हो."

"मीही तेच म्हणतोय. सोमवारपासून तेच म्हणतोय."

परीक्षक कागद उलटेपालटे करून ही मुलगी कुठे लिहिली आहे ते शोधत होता. घंटा वाजली तेव्हा मिस्टर बेल टेबलावरची बाटली गोल गोल फिरवत होते. या वेळी निकालात आलं, "उमेदवाराने कार्यकक्षा ओलांडली नाही, परंतु ती जिथे संपते तिथे उमेदवार थांबलाही नाही."

तर, आता तिसरी खेप. याच्यापुढे संधी नाही.

"सराव कर," थीसन म्हणाले.

"कोणाबरोबर?"

बाकीचे उमेदवार एकमेकांना पेशंट करून सराव करतात. लॉर्नाला एकमेकांतलं दुसरं कोणी नव्हतं. थीसनांनी दुकानाकडे हात केला. "गिऱ्हाईक आहे की. काहीही विचारलं तरी एकच उत्तर. तोंडात बसेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी एड्ना क्लासेन आल्या. ऐंशी वर्षांच्या, कानात यंत्र, आणि ते बहुधा बंद.

"लॉर्ना, बाई काय थंडी पडलीय गं!"

"हे फार्मासिस्ट सांगतील. मी त्यांना बोलावते."

थीसन आतून आले, एका हातात सुई. खिडकीबाहेर बघितलं. "हो, आहे थंडी," म्हणाले आणि आत गेले.

त्या आठवड्यात फार्मासिस्ट थीसन यांनी थंडी पडल्याची पुष्कळदा खात्री करून दिली. शिवाय बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंगच्या सामन्यात कोण हरलं, रस्त्यावरचा बर्फ कधी काढणार आणि क्लासेनबाईंचा बोका कुठे गेला असेल, यावरही मत दिलं. लोक आधी हसले. मग चिडले. मग विचारेनासे झाले. पैसे ठेवायचे, पिशवी उचलायची आणि निघायचं. लॉर्नाच्या तोंडात वाक्य चांगलंच बसलं. आता तिथून दुसरं काही बाहेर यायला जागाच उरली नाही.

चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. पेरोगीच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांच्या, रांगेत पाद्रीबाबांच्या बायकोने तिच्या ताटलीत आंबट साय वाढली आणि मायेने विचारलं, "अगं, अजून एकटीच राहतेस का तू?"

"हे फार्मासिस्ट सांगतील," लॉर्ना म्हणाली.

थीसन तिच्या मागेच ताटली घेऊन उभे होते. "हो," ते म्हणाले. "पेरोगी जरा जास्त वाढा."

परीक्षेच्या दिवशी लॉर्नाने, थंडीत इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर जोडलेली गाडीची वायर भिंतीतून काढली आणि अंधारातच विनिपेगची वाट धरली. पहिल्या तिन्ही खोल्या तिने हां हां म्हणता केल्या. चौथीचं दार उघडलं. मिस्टर बेल बसले होते. स्वेटर तोच, पण कोपर विरलेलं. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि मग परीक्षकाकडे नजर गेली तसा परत मिस्टर बेलचा झाला. या वेळचा परीक्षक नवा होता. त्याच्यापुढे एक जाडजूड कागद पडला होता, आणि नटाने दिलेल्या मजकुराबाहेर काही बोलू नये, हे त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं. तिला ते उलटं असूनही वाचता आलं. चौदा वर्षं काउंटरवर काढली की उलटं वाचता येतंच.

"हे सिरप घेतलं तर चालेल ना?"

"तुमच्या आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?" हे विचारायची मुभा आहे. तिने विचारलं, लिहून घेतलं, नाव आणि जन्मतारीख ताडून पाहिली, ॲलर्जी विचारली. मग म्हणाली, "हे फार्मासिस्ट सांगतील. मी त्यांना बोलावते."

"बरं," मिस्टर बेल म्हणाले. त्यांच्या कागदावर एवढंच होतं.

संपलं. तीन मिनिटं झाली होती. घंटेला अजून चार होती, आणि घंटेआधी खोलीबाहेर जाता येत नाही.

ती दोघं समोरासमोर बसून राहिली. मिस्टर बेलनी तोंड उघडलं, परीक्षकाकडे पाहिलं, मिटलं. लॉर्नाने त्यांच्या कोपराकडे पाहिलं. मुलीने मग फोन केला का, हा प्रश्न तिच्या घशाशी येऊन बसला होता. तिने तो गिळला, पाण्याशिवाय गोळी गिळावी तसा, अडकत अडकत. मिस्टर बेलना खोकला आला. हा खोकला सोंगाचा नव्हता, तो खोलवरून येत होता. लॉर्नाने टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा बोटभर त्यांच्याकडे सरकवला. परीक्षकाने काहीतरी लिहिलं. ते बघून तिने हात परत मांडीवर ठेवला. मिस्टर बेलनी रुमाल घेतला नाही. नुसती त्या डब्यावर बोटं टेकवून ठेवली, घंटा होईपर्यंत.

निकालात चौथ्या खोलीपुढे लिहिलं होतं, "संभाषण नेमके आणि पुरेसे." पैकीच्या पैकी.

थीसनांनी निकाल वाचला. "बरं," म्हणाले, आणि तिला मागच्या खोलीची किल्ली दिली. यानंतर ती मागच्या दारानेच यायची आणि मागच्या दारानेच जायची, कारण तिची गाडी तिकडे लावलेली असायची. पुढे बर्निसचं राज्य. बर्निस इतकं बोलायची की तिला कोणी काही विचारण्याचा प्रश्नच यायचा नाही. लॉर्ना काचेमागे बाटल्यांवर मान घालून बसायची. लोक काउंटरवर यायचे, लॉर्ना दिसायची नाही, आणि जो तो आपल्या अकलेप्रमाणे समजायचा. तिसऱ्यांदाही नापास झाली बिचारी. ब्रँडनला गेली म्हणे. की शहरात?

फेब्रुवारीत एड्ना क्लासेननी दुकानात एक मोठं कार्ड आणून दिलं, शिवाय चौकोनी लिंबू-वड्यांचा डबा. "लॉर्नाला पाठवून द्या हो, जिथे असेल तिथे."

बर्निस फोनवर होती. तिने कार्ड आणि डबा दोन्ही मागच्या खोलीत ढकलले आणि बोलत राहिली.

कार्डावर सोनेरी अक्षरांत होतं, नव्या गावी शुभेच्छा. आत सह्या. पाद्रीबाबा, त्यांची बायको, चौकीवरचा शिपाई, कर्लिंगचा सगळा संघ. "तुझ्यासारखं ऐकून घेणारं कोणी नव्हतं." "काउंटर ओकंओकं वाटतं गं." "बोका सापडला, तुला सांगायचं राहिलं." खाली कोपऱ्यात थीसन यांचीही सही होती. नंतर विचारल्यावर ते म्हणाले, "समोर ठेवलं, केली."

उठून बाहेर जावं आणि मी इथेच आहे म्हणून सांगावं, हे तिच्या मनात आलं. ती उठलीसुद्धा. पण इतकी माणसं एकदम तिच्याशी इतकं चांगलं बोलली होती, त्यांना खोटं कसं पाडायचं? आणि आपण इथेच आहोत म्हटल्यावर त्या सह्या कोणाच्या नावावर राहणार? काचेपलीकडे एड्नाबाई हातमोजे चढवत होत्या. त्यांनी एकदा काचेकडे बघितलं, तिथे स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं म्हणून टोपी सारखी केली आणि गेल्या.

लॉर्ना खाली बसली. एक लिंबू-वडी खाल्ली. मग दुपारच्या सुट्टीत तिने कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं :

प्रति,
मा. परीक्षा विभाग

विषय : न वापरलेल्या वेळेच्या परताव्याबाबत

महोदय,

मी आपल्या यादीतील नोंदणीकृत टेक्निशियन असून, पात्रता परीक्षेत चौथ्या खोलीसाठी मला सात मिनिटे मंजूर झाली होती. पैकी तीन मिनिटे नियमानुसार वापरण्यात आली. उर्वरित चार मिनिटांची फी मी पूर्ण भरलेली असून ती मिनिटे माझ्या नावे शिल्लक आहेत.

तरी सदर चार मिनिटे त्याच खोलीत, त्याच गृहस्थांसमवेत आणि परीक्षकांच्या अनुपस्थितीत वापरण्याची परवानगी मिळावी. गृहस्थांची हरकत नसावी असे वाटते. असल्यास त्यांनी ती मला समक्ष कळवावी. औषधांविषयी एक शब्दही बोलला जाणार नाही, याची मी लेखी हमी देते. कॉफी मी घरून आणीन.

चार मिनिटे एकदम देणे विभागास गैरसोयीचे असल्यास ती दर रविवारी एक, याप्रमाणे हप्त्याने दिली तरी चालतील.

कळावे, ही विनंती.