मार्गारेटबाईंचं म्हणणं

आकारामनं म्हशीच्या कासेवर पाणी मारलं, खाली बसता बसता तिच्या पोटावर थाप दिली आणि विचारलं,

"हाऊ आर यू टुडे?"

म्हशीनं शेपूट त्याच्या तोंडावर आपटलं. पान्हा काही सोडला नाही.

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर सकाळची गर्दी होती. डोळ्यांसमोर धार काढून घ्यायची आणि उभ्या उभ्या फेसाळता पेला रिकामा करायचा, ही इथल्या गिऱ्हाइकांची बापजाद्यांपासूनची सवय. आज मात्र रिकामे पेले धरून सगळे खोळंबले होते.

"आयच्यान आकाराम, मराठीत बोल की तिच्यासंगं!" शेजारच्या म्हशीखालून जोतीराम ओरडला. "सायबाची म्हस हाय व्हय ती?"

"गप रे. तुला न्हाय कळत, तिला तरी कळंल."

सगळे हसले. किटली घेऊन उभी असलेली संयोगिता तेवढी हसली नाही. ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि हे सगळं तिच्यामुळंच सुरू झालं होतं. तीन महिन्यांपूर्वी तिच्या किटलीत दूध ओतताना आकारामनं मान वर न करता विचारलं होतं, "मॅडम, मला इंग्लिश शिकवाल काय? बोलाय न्हाय आलं तरी चालंल. समोरचं माणूस काय बोलतंय, तेवढं कळाय पायजे."

कारण होतं धैर्यशील. आकारामचा एकुलता एक पोरगा, दीड वर्षापूर्वी न्यूझीलंडमधल्या एका डेअरी फार्मवर कामाला गेला होता. दर रविवारी अकरा वाजता त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडं तेव्हा संध्याकाळची धार आटपलेली असायची. कधीमधी फार्मची मालकीण मार्गारेट, सत्तरीची बाई, खुर्ची ओढून शेजारी बसायची. एका रविवारी ती खूप वेळ बोलली. चेहरा गंभीर, हात धैर्यशीलच्या खांद्यावर. तिचं संपल्यावर धैर्यशील म्हणाला, "आबा, सगळं बेस चाललंय म्हणत्यात."

आकारामची बायको चिमणाबाई समाधानानं भाकरी थापायला उठून गेली. आकाराम मोबाईल धरून तसाच बसला. एवढं लांबलचक बोलणं आणि अर्थ एवढासा? सगळा जन्म मुक्या जनावरांत गेलेला माणूस तो, कान पाडलेलं वासरू त्याला लांबून ओळखू यायचं. पोरगं काहीतरी गाळत होतं. त्या दिवसापासून आकारामच्या जिवाला घोर लागला.

संयोगितानं त्याला पुस्तक दिलं नाही. रोज दूध घ्यायला आली की दहा मिनिटं ती त्याच्याशी इंग्रजीत गप्पा मारायची, आणि त्याही मुद्दाम सावकाश नाही, आपण बोलतो तशा. वांगी महागली, सासू रुसली, असल्याच. न्यूझीलंडच्या माणसांची रेकॉर्ड केलेली बोलणीही ती त्याच्या मोबाईलवर पाठवायची. आकाराम वैरण कापताना कानात वायरी घालून ती ऐकायचा. चिमणाबाईला त्यानं बजावून ठेवलं होतं, "पोराला बोलू नगंस. हसंल मला."

"लई पळत्यात ओ मॅडम," त्यानं एकदा तक्रार केली. "एक शबुद धरूस्तवर चार म्होरं गेलेलं असत्यात."

"जाऊ द्या की काका. आपण मराठी तरी कुठं सगळं ऐकतो? दोन-तीन शब्द धरायचे आणि माणसाच्या तोंडाकडं बघायचं."

"आन् बोलाय कवा येनार?"

"लाज सुटली की."

माणसांसमोर लाज सुटेना, म्हणून त्यानं म्हशीपासून सुरुवात केली होती.

त्यानंतरच्या रविवारी धैर्यशील पडद्यावर आला तेव्हा त्याचे गाल बसलेले दिसले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मागून मार्गारेट आली आणि पोराला बाजूला सरकवून पुढ्यातच बसली.

"हॅलो, आकाराम."

आकारामनं तिच्या तोंडाकडं बघितलं. पहिलं वाक्य निसटलं. दुसऱ्यातून जेवणाचं काहीतरी हाती लागलं, आणि नाही. जेवत नाही. मग खोली. मग दार. मग रडतो. हा शब्द कळला आणि आकारामनं मोबाईल डोळ्यांजवळ धरला. आपलं चुकत असेल, असं त्याला फार वाटलं, पण बाईचे डोळे तेच सांगत होते. ती आता शब्द शब्द तोडून बोलायला लागली. मी त्याला म्हणते, घरी जा. चार महिने राहा. तुझी जागा मी राखून ठेवते. तो म्हणतो, जाता येत नाही. बापानं सांगितलंय, साहेब होऊन ये, नाहीतर तोंड दाखवू नकोस.

"टेल हिम," ती धैर्यशीलला म्हणाली. "टेल युवर फादर."

आकारामला स्टँड आठवला. निरोपाला सगळी गल्ली लोटली होती. पोराच्या गळ्यात हार होता, आणि आपल्याला रडू फुटतंय असं वाटून तो त्याच्यावर गरजला होता. "सायेब हूनच ये लेका, न्हायतर तोंड दावू नगंस!" सगळे खो खो हसले होते. कोल्हापुरातला बाप पोराला मिठी मारत नाही, दोन शिव्या हाणतो आणि त्यातच सगळं आलं. पोराला ते कळतं, असं त्यानं धरूनच चाललं होतं. पोरगं ते वाक्य सातासमुद्रापार घेऊन गेलं आणि दीड वर्ष त्याच्याखाली चेंगरत राहिलं. आकारामला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"काय म्हणत्यात रं बाई?" चिमणाबाईनं विचारलं.

धैर्यशीलनं आईकडं बघितलं. "काम चांगलं करतोय म्हणत्यात, आई. जेवण बी दाबून चाललंय म्हणत्यात."

मला कळलंय सगळं, हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते आकारामला आता येत होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मग आपण रडतो हे बापाला कळलं, हेही पोराला कळलं असतं. पंचवीस वर्षांचा पोरगा, शेजारी परकी बाई बसलेली. आकारामनं ओठ मिटले. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात हाक मारली.

"धैर्या."

"व्हय आबा."

"माझी कंबर धरलीया. धारंला बसलो की उठाय येत न्हाय."

चिमणाबाईनं चमकून नवऱ्याकडं बघितलं. सकाळीच हा गडी सरकी पेंडीचं पोतं एकट्यानं खांद्यावर टाकून आला होता. ती तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं पडद्यावर दिसणार नाही असं तिचं मनगट धरलं आणि दाबलं.

"डॉक्टरला दावलं न्हाय?" धैर्यशील पुढं सरकला.

"दावलं की. वाकू नका म्हणतोय. आता न वाकता धार कशी काढायची, ते त्यालाच इचारलं पायजे." आकाराम थांबला. "माझ्यानं एकट्यानं व्हत न्हाय बाबा. बाई रजा देत असतील, तर चार म्हैनं येऊन जा. ये की लेका."

बत्तीस वर्षांच्या संसारात 'माझ्यानं होत नाही' हे शब्द चिमणाबाईनं त्याच्या तोंडून ऐकले नव्हते. तिनं मनगट सोडवून घेतलं नाही.

धैर्यशीलनं हाताच्या पंजानं डोळे खसखसून पुसले आणि मार्गारेटकडं वळला. इंग्रजीत तो भराभर बोलत होता, अर्धी वाक्यं टाकून देत. माझे वडील आजारी आहेत. त्यांना माझी गरज आहे. मला घरी जायला पाहिजे. बोलता बोलता त्याचा आवाज मोकळा होत गेला, आणि शेवटचं वाक्य त्यानं दोनदा म्हटलं.

मार्गारेट त्याच्याकडं बघत नव्हती. तिची नजर आकारामवर होती. आकारामनं कुणाच्या लक्षात येणार नाही इतकीच मान हलवली, आणि म्हातारी हसली.

"काय म्हणाला ओ त्यो तिला?" चिमणाबाईनं हळूच विचारलं.

"मला काय कळतंय इंग्लिश!" पोराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं आकाराम म्हणाला, आणि खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसायला लागला.