स्की धरणारा सागवानी पाट

“कानस लावायची तर आधी स्की घट्ट धरायची सोय कर, सूनबाई. दोन क्लॅम्प आण. आज शनिवार, दुकानं उघडी आहेत; उद्या रविवारी बंद.” दीनानाथराव असं म्हणाले तेव्हा कौमुदी अन्वीचे लोकरी मोजे तिसऱ्यांदा मोजत होती. “अहो बाबा, दहा मिनिटांचं काम ते. उगाच सामान कशाला वाढवायचं?” तिने विषय तिथेच सोडून दिला.

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाट आहे. हे बोलणं मी डार्मश्टाट या जर्मन शहरातल्या त्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून ऐकलं. मला आणि माझ्या जोडीदाराला साताऱ्याच्या दत्तात्रय सुतारांनी एकाच फळीतून घडवलं. कौमुदीच्या लग्नात आम्ही मिरवलो, मग तिच्या संसाराबरोबर विमानाने इकडे आलो. अन्वीचं उष्टावण माझ्यावर झालं. आल्यागेल्याने माझ्या पितळी फुल्यांचं कौतुक केलं. पुढे सगळे टेबलावर जेवू लागले आणि आम्ही तळघरात वॉशिंग मशीनमागे जाऊन पडलो. सासरे तीन महिन्यांसाठी आले, तेव्हाच आम्ही पुन्हा वर आलो. गुडघे कुरकुरले तरी ते पाटावरच बसून जेवतात. उभा जन्म कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस. आता मधुमेहाची गोळी घेतात.

आठ वर्षांची अन्वी सोमवारी पहाटे वर्गाबरोबर बर्फात जायची होती. तिच्या स्की जुन्या बाजारातल्या, लोखंडी कडा गंजलेल्या. बोथट कडेने पोर घसरली तर? या एका विचाराने कौमुदीला दोन रात्री झोप नव्हती. नवरा वेदांग कामासाठी बॉनला. म्हणून रविवारी दुपारी सुनेने आणि सासऱ्यांनी आम्हाला तळघरात नेलं.

दोन स्टुलांवर आम्ही दोन पाट आणि आमच्यावर उलटी ठेवलेली स्की. बूट अडकवायचा भाग मधल्या फटीत लोंबकळत होता. आडवे येणारे ब्रेक दीनानाथरावांनी जाड रबराने बांधले. सगळं नीट जमलं, फक्त स्की हलायची थांबेना.

“पाटाला दोन ठोकळे ठोकू या का?” त्यांनी विचारलं.

“रविवारी ठोकाठोक? इथे रविवारी आवाज चालत नाही, वरच्या बाई लगेच खाली येतील, बाबा. आणि उष्टावणाच्या पाटाला कुणी भोकं पाडतं का? तुम्हीच धरा ना जरा.”

“म्हणजे मी शिकंजा झालो.”

“फुकटचा,” ती हसून म्हणाली.

त्यांनी स्कीचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं. कानस एकदा गेली, दोनदा गेली. तेवढ्यात वरून अन्वीने हाक मारली. कौमुदीचं लक्ष जिन्याकडे गेलं, कानस जोरात रेटली गेली आणि स्की फिरली. धार लागलेली कड त्यांच्या उजव्या तळहातातून सरकली.

“लागलं का, बाबा?”

“काही नाही. तू जा, पोर बोलावतेय.”

ती धावत वर गेली. माझ्यावर रक्ताचे तीन थेंब पडले होते. दीनानाथरावांनी ते पुसले, रुमाल मुठीत घट्ट आवळला आणि दुसऱ्या स्कीला वंगणाचं मेण एकट्याने, डाव्या हाताने लावलं.

मित्रांनो, लाकडाला तोंड नसतं याचं मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. मी पुन्हा वर आलो होतो; संध्याकाळभर कौमुदी हेल्मेटचा पट्टा तपासत होती, हातमोज्यांवर नाव शिवत होती, दाराला कुलूप लागलंय का ते पुन्हा पाहत होती. तिच्या नजरेतून घरातलं काही म्हणजे काही सुटत नव्हतं. ती मूठ तेवढी सुटली.

जेवताना दीनानाथराव माझ्यावर बसले. आमटीभात होता.

“मामा, वारुम इस्ट आजोबा मिट ल्योफेल?” अन्वीने आईला जर्मनमध्ये विचारलं, आजोबा चमच्याने का जेवतायत?

कौमुदीने वळून पाहिलं. आयुष्यभर हाताने जेवलेले बाबा डाव्या हातात चमचा धरून जेवत होते. तिने ताटाशी येऊन त्यांची उजवी मूठ उघडली. रुमाल चिकटला होता.

“मला सांगायचं नाही का, बाबा? तुमची शुगर...”

“तुला आधीच काळजी कमी आहे का?”

त्या रात्री इस्पितळात पाच टाके पडले. पहाटे अन्वी बसमध्ये चढली, तेव्हा तिच्या एका स्कीची एकच कड घासलेली होती. तरी पाच दिवसांनी पोर हसत परतली.

पुढच्या मंगळवारी कौमुदीने दोन क्लॅम्प आणले. ते बसवायला आम्हा दोघांना तिने स्वतः भोकं पाडली. भोक पाडण्याआधी ती खूण दोनदा मोजत होती. सासरे शेजारी खुर्चीवर बसून सांगत होते, “सरळ धर. घाबरू नकोस, पाटाला दुखत नाही.” आमच्या कडेला तिने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. आता स्की जागची हलत नाही आणि ती धरायला कुणाचा हात लागत नाही.

खरं सांगू, थोडं दुखलं. पण त्या तीन थेंबांपुढे ते काहीच नव्हतं.

तुमच्या घरीही कुणीतरी तुमच्या कामाचं दुसरं टोक धरून उभं असेल आणि विचारलं की “काही नाही” म्हणत असेल. मित्रांनो, आज जेवायला बसण्याआधी त्यांच्याजवळ जा आणि त्यांची मूठ उघडून बघा.