हिरड्याची शाई

भैयाजीने पेन झटकले. कागदावर थेंबही पडला नाही, आणि धानोऱ्याच्या जंगल कचेरीतल्या या कारकुनाला घटकाभर सुटल्यासारखे वाटले.

पेन नवे होते, रेंजर साहेबांनी नागपुराहून आणलेले. गाडीवान लालसूचा कबुलीजबाब याच पेनाने लिहायचा, असा हुकूम होता. टाकाचे अक्षर चांद्याच्या वरिष्ठांपुढे गावंढळ दिसते. खोटे सुवाच्य असावे, एवढी सभ्यता स्वराज्याने कचेऱ्यांना शिकवली होती. साग ठेकेदाराने तोडला होता, साहेबांच्या संमतीने. लालसूने साहेबांच्याच सांगण्यावरून ओंडके आपल्या बैलगाडीतून वाहिले होते. आता तोडणाराही तोच ठरायचा होता.

भैयाजीला हे ठाऊक होते. साहेबांना भैयाजीचे ठाऊक होते: त्याच्या बायकोला, गुणाबाईला, दर पावसाळ्यात हिवताप धरी, आणि या रानातून तिला जिवंत न्यावी म्हणून तो चांद्याची बदली मागत होता. शिफारशीवर सही तेवढी राहिली होती. कबुलीजबाब झाला की होणार होती.

चूक भैयाजीचीच. सकाळी त्याने हौसेने पेनात घरची शाई भरली होती, हिरडे कुटून, हिराकस आणि धावड्याचा डिंक घालून केलेली. लिहिताना फिकी, वाळल्यावर काळीभोर. टाकाला ती मानवे. पेनाच्या बारीक घशात डिंक बसला.

"उद्या लिवतो जी. डिंक गच्च बसला," तो म्हणाला.

"जीप आज चालली, भैयाजी. तुझी बदलीही तिच्यातच आहे. पेन मोकळं कर," साहेब म्हणाले.

गार पाण्याने काही होईना. शिपाई बाजाराला गेलेला. साहेबांनी ओसरीवर बसवून ठेवलेल्या लालसूलाच पाणी तापवायला लावले. त्याने चूल फुंकली, पाण्याचा गडवा आणून ठेवला.

"बाबू, बोट घालून पाह्यलं मी. लय तपलं नाई."

भैयाजीने निब आणि तिच्याखालची जीभ कोमट पाण्यात बुडवली, पुसली, पुन्हा बुडवली. निघू नये, असे मनात म्हणत त्याचे हात मात्र इमानाने काम करीत होते. इतक्या वर्षांच्या चाकरीने त्यांना दुसरे काही येत नव्हते. निबेच्या चिरेत अजून कण अडकला होता. सदऱ्यावर गुणाबाईचा एक लांब केस चिकटलेला दिसला. हिवतापाने तिचे केस गळत होते. त्याने तो चिरेतून ओढला. कण निघाला. बाटलीतली निळी शाई भरताच पेन झऱ्यासारखे वाहू लागले.

मजकूर झाला. शेवटी नेहमीचे वाक्य होते: वाचून दाखवला, समजला, कबूल आहे.

"का लिवलं जी त्याच्यात?" लालसूने विचारले.

साहेब दारात उभे होते.

"गाडीचं लिवलं," भैयाजी म्हणाला.

"मंग बरोबर हाय. गाडी माहीच होती."

शिक्क्याची गादी वाळलेली होती. भैयाजीने दौतीतली हिरड्याची शाई लालसूच्या अंगठ्याला लावली. ठसा इतका फिका उठला की साहेबांनी कागद उजेडात धरून पाहिला. मग त्याच पेनाने त्यांनी शिफारशीवर सही केली. पेन कुठेही अडले नाही.

जीप गेल्यावर भैयाजीने ओसरीखाली हात धुतले. निळी शाई लगेच गेली. मग तो लालसूच्या हातावर पाणी ओतू लागला. लालसू चुलीतली राख घेऊन अंगठा घासत होता.

"बाबू, हे तं काळंच होऊन राह्यलं," तो हसून म्हणाला.

भैयाजीने गडवा आणखी कलता केला.